पट्ट्याच्या आधी सतरंजी



मागील अंकातील पत्रात कंबरदुखीवर 'महिनाभर अंथरूण आणि कायम पट्टा' असा उपाय सुचवला आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला तो अजिबात मान्य नाही. साध्या कंबरदुखीत एक-दोन दिवसांपलीकडे पडून राहिले तर स्नायू ढिले पडतात आणि बरे व्हायला उलट उशीर लागतो.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे माजी प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल यांनी मणक्यावर कमी भार टाकणारे तीन व्यायाम सुचवले. त्यातला एक घरी सतरंजीवर सहज होतो. गुडघे आणि तळहात टेका. उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दोन्ही पाठीच्या रेषेत न्या. 10 सेकंद थांबून बाजू बदला. श्वास रोखू नका. पाय जास्त वर गेला की कंबर खचते आणि केलेले वाया जाते, म्हणून सुरुवातीला घरच्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. सेतुबंधासनही चांगलेच.

उठल्या उठल्या मात्र पुढे वाकू नका. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे तेव्हा वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो. तासाभराने खुशाल वाका.

पाय बधिर होत असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, ताप असेल किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर व्यायाम न करता ताबडतोब डॉक्टरांना गाठा. बाकीच्यांनी कृपया पट्टा विकत घेण्याआधी सतरंजी अंथरावी.

– एक फिजिओथेरपिस्ट, सातारा