मौन कोणाचें?

नागपुराहून राजनांदगांवाकडे जाणारी आगगाडी कळमन्यावरून जाते. आज कळमना म्हटलें, कीं धान्य, मिरची नि संत्रीं यांचा मोठा बाजार आणि तेथील लिलावाचा कलकलाट हाच वाचकांस आठवेल. मौनाविषयीं दोन शब्द लिहितांना आम्हांस हें गजबजलेलें ठिकाण आठवलें, तें त्या लोहमार्गामुळें. इ. स. १८९३ मध्यें कै. नारायण वामन टिळक राजनांदगांवीं जात असतां आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशानें त्यांना 'नवा करार' वाचावयास दिला. पुढें १८९५ च्या फेब्रुवारींत टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि पति-पत्नींची कित्येक वर्षांची ताटातूट झाली.

त्या काळीं घरांतील कोणीं धर्मांतर केलें, कीं त्याचें नांव पुन्हां उच्चारावयाचें नाहीं, अशी पुष्कळ कुटुंबांची रीत असे. तेंहि एक मौनच. लक्ष्मीबाई टिळकांनीं तें मोडलें. १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या 'स्मृतिचित्रां'त त्यांनीं आपली सारी हकीकत मोकळेपणीं सांगितली. ज्या ग्रंथामुळें हें सारें घडलें, त्याचें मौनाविषयीं म्हणणें काय, हें आपला धर्म न सोडतांहि जाणून घेण्यासारखें आहे.

मौन आपणांस अपरिचित नाहीं. मुनीचा भाव तें मौन. दक्षिणामूर्ति तर न बोलतांच शिष्यांचे संशय फेडतो. 'जुन्या करारां'तील एलीयाची कथा याच्या जवळची वाटते. हा संदेष्टा राणीच्या धाकानें जीव घेऊन पळतो आणि होरेब पर्वतावरील गुहेंत राहतो. तेथें प्रचंड वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नि भडकतो. पण ईश्वर त्यांपैकीं कशांतच नसतो. नंतर जें येतें, त्याचें वर्णन मूळ हिब्रू भाषेंत तीनच शब्दांत आहे. तलम निःशब्दतेचा स्वर, असा कांहींसा त्यांचा अर्थ होतो. परंतु एलीयाला तेथें समाधि लावून बसतां येत नाहीं. तो येथें काय करीत आहे, असा प्रश्न त्याला विचारला जातो आणि टाकून आलेल्या कामावर परत धाडलें जातें. हें मौन कर्तव्य टाळण्यासाठीं नव्हे, तें ऐकूं यावें म्हणून आहे.

दुसरें मौन ईयोबाच्या मित्रांचें. संपत्ति, संतति, आरोग्य सारें गमावलेल्या ईयोबाजवळ ते सात दिवस व सात रात्री जमिनीवर बसून राहतात. चकार शब्द काढीत नाहींत. पुढें मात्र त्यांना राहवत नाहीं, आणि हें तुझ्याच पापाचें फळ असें ते त्याला पटवूं लागतात. ग्रंथाच्या शेवटीं ईश्वराचा रोष होतो, तो त्यांच्या या बोलण्यावर. दुःखिताच्या समाचारास जाऊन पूर्वकर्माचा हिशेब मांडणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

तिसरें मौन येशूचें. हेरोदाच्या प्रश्नांस तो उत्तर देत नाहीं. पिलातापुढें आरोपांचें निरसन करीत नाहीं. म्हणून तो दुबळा म्हणावा, तर तसेंहि नाहीं. महायाजकापुढें एक शिपाई त्याला चपराक मारतो, तेव्हां आपलें काय चुकलें, असा सरळ सवाल तो करतो. आणि दुसऱ्यावर लादलेलें मौन तर त्याला मुळींच खपत नाहीं. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय नांवाचा आंधळा भिकारी त्याला हांक मारूं लागतो. लोक त्याला दटावून गप्प करूं पाहतात, तो अधिकच ओरडतो. येशू थांबतो आणि त्यालाच बोलावून घेतो.

येथें वाचक म्हणतील, पौलानें तर करिंथकरांस लिहितांना सभेंत स्त्रियांनीं गप्प राहावें असें सांगितलें आहे! होय; पण त्याच पत्रांत स्त्रिया प्रार्थना करतात व संदेश देतात, हें त्यानें गृहीत धरलें आहे, आणि म्हणूनच या वचनाच्या अर्थाविषयीं विद्वानांचे वाद आहेत. आमच्या दृष्टीनें त्याचें एक उत्तर महाराष्ट्रानेंच दिलें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें स्त्रीशिक्षणाविषयीं साक्ष देणाऱ्या पंडिता रमाबाईंनींच पुढें सबंध बायबल मूळ भाषांवरून मराठींत आणलें. त्या १९२२ त निवर्तल्या, व तें भाषांतर १९२४ त पूर्ण छापून निघालें. ज्या स्त्रीनें पौलाचें तें वचन मराठींत लिहिलें, ती स्वतः कधीं गप्प बसली नाहीं.

या सर्वांचा आपल्या घराशीं संबंध काय? मौन हीच संमति, असें आपण सहज म्हणून जातों. पण मौन कोणाचें, हें आधीं पाहिलें पाहिजे. ज्याला बोलण्याचा अधिकार आहे, त्यानें रागाच्या भरांत जीभ आवरली, तर तें व्रत होय. ज्याला बोलूंच दिलें जात नाहीं, त्याच्या गप्प राहण्यास तें नांव देणें म्हणजे आपली सोय पाहणें होय. दहा माणसांच्या पंक्तींत एखादी सून, एखादी आश्रित आत्याबाई किंवा एखादा मुलगा महिनोन्महिने कांहींच बोलत नसेल, तर घरांत शांतता आहे असें वडीलधाऱ्यांनीं समजूं नये. आपण क्षणभर गप्प बसावें, आणि त्यांस विचारावें.