‘जीव लागत नाही’ म्हणणाऱ्याचं ऐका

घरात कुणी ‘कशातच जीव लागत नाही’ असं म्हणालं, तर हातातलं काम बाजूला ठेवा आणि विचारा, “कधीपासून?”

हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की ते कानावरून जातं. पण त्यातल्या ‘जीव’ या शब्दात मनही येतं आणि प्राणही. जुन्या रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत असाच एक शब्द होता, अॅनिमस. मन, आत्मा, धीर, कधी संतापसुद्धा, सगळं त्या एका शब्दात मावायचं. अॅनिमा हा त्याच्याच जोडीचा शब्द, म्हणजे श्वास, प्राण. आपले ‘प्राण’ आणि ‘अनिल’ हे शब्दही त्याच जुन्या मुळातले. मनाचं दुखणं जिवाशी येऊ शकतं, हे दोन्हीकडच्या बोलण्यातच आहे.

या अॅनिमसच्या आजारांवर सिसेरो या रोमन वक्त्याने इ.स.पू. 45 मध्ये लिहिलं. त्याच वर्षी त्याची लाडकी लेक तुलिया बाळंतपणानंतर गेली होती. तो रोम सोडून अस्तुरा इथल्या समुद्रकाठच्या घरी जाऊन राहिला. सकाळीच दाट रानात शिरायचा, तो संध्याकाळपर्यंत बाहेर यायचा नाही. वाचायचा, मध्येच रडू यायचं. इकडे रोममध्ये लोक म्हणू लागले, फार झालं आता. ते त्याला फार लागलं. अॅटिकस या मित्राला मात्र तो जवळजवळ रोज पत्र लिहीत राहिला.

पुढे ‘तुस्कुलान संवाद’ या ग्रंथात त्याने विचारलं की शरीरासाठी माणसाने औषधं शोधली, मग मनाच्या उपचाराची एवढी हेळसांड का? कारणही त्यानेच दिलं. शरीराला काय होतंय ते मनाला कळतं. पण मनच आजारी पडलं, तर पारख करायची कुणी? काटाच बिघडल्यावर वजन खरं कसं येणार?

मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. ज्याचं मन आजारी आहे, त्याला ते स्वतःला उमगेलच असं नाही. तो म्हणेल, “मला काही झालं नाही.” म्हणून लक्ष तुम्हाला ठेवायचं आहे.

रोज सकाळी तुळशीला पाणी घालणारी आई पंधरा दिवस तिकडे फिरकलेली नाही. ताटातला भात तसाच राहतो. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसतो. मुलगा मित्रांचे फोन उचलत नाही. हे वयाचं, आळसाचं किंवा नाटकाचं म्हणून सोडून देऊ नका. शेजारी बसा. ऐका. ‘मन घट्ट कर’, ‘लोकांचं बघ, तुझं काय एवढं’ ही वाक्यं तेवढी टाळा. त्यांनी माणूस बोलायचा थांबतो.

सिसेरोचा सगळा भरवसा तत्त्वज्ञानावर होता. आज तुमच्या हाताशी डॉक्टरही आहेत. दोन आठवडे असंच चाललं, तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. ते पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. सोबत जा, बाहेर बाकावर बसून राहिलात तरी चालेल. नवस, अंगारा करायचा असेल तर करा, पण त्यापायी डॉक्टर लांबणीवर टाकू नका. गोळ्या सुरू झाल्या आणि बरं वाटलं, तरी आपल्या मनाने बंद करू नका. ‘गावात कळलं तर’ ही भीती मी समजू शकते. तरी जा.

कुणी ‘जगण्यात अर्थ नाही’ असं बोललं, तर पंधरा दिवस थांबायचं नाही. जिवाचं काही करावंसं वाटतंय का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नका. कीटकनाशकाचे डबे, जास्तीच्या गोळ्या घरातून हलवा.

सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक आजच फोनमध्ये घालून ठेवा. तो फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. काळजी करणाऱ्या घरच्यांनी फोन केला तरी चालतो. जीव धोक्यात आहे असं दिसलं, तर आधी 112 लावा.