रणगाड्यांच्या पुढे चालणारे

रणगाडा आपण चित्रात पाहतो, पण त्याच्यापुढचे सुरुंग हातांनी उकरून काढणारा जवान सहसा दिसत नाही. या अंकात आम्हाला त्याच्याकडेच पाहायचे आहे.

एप्रिल 1948. काश्मीरच्या युद्धात नौशेराहून राजौरीला निघालेली भारतीय फौज रस्त्यातल्या सुरुंगांनी आणि आडव्या टाकलेल्या पाइनच्या झाडांनी अडली होती. मूळचे कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातले सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे आपली तुकडी घेऊन कामाला लागले, तोच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान गेले, राणे स्वतः जखमी झाले. तरीही पुढचे काही दिवस, मशीनगनचा मारा चालू असताना, ते सुरुंग काढत राहिले, झाडांचे अडथळे स्फोटाने उडवत राहिले. त्यामागून रणगाडे सरकले. शत्रूच्या ताब्यातल्या राजौरीत अडकलेल्या माणसांसाठी एकेक दिवस मोलाचा होता. राणेंना परमवीरचक्र मिळाले, तेही हयातीत.

शत्रूवर गोळी झाडणे दूरच, या माणसाचे दोन्ही हात सुरुंगात गुंतलेले असतात. हे धैर्य मला अधिक कठीण वाटते. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आपल्या पुण्यात, खडकीला आहे. रोज त्यावरून जाणाऱ्या कितीजणांना राणे ठाऊक आहेत?