एका दाताचे दहा हजार

आमच्या पार्किंगवाल्या काकांना (नवीन वाचकांसाठी: माझ्या स्कूटरचं पुढचं चाक त्यांच्या पिवळ्या पट्ट्यावर चार बोटं आलं म्हणून सोसायटीला तीन पानी पत्र लिहिणारे ते हेच) परवा गेटवर कुत्रं चावलं. डाव्या पोटरीला. मी धावत गेलो, तर काका जिन्याच्या पायरीवर पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून बसलेले आणि हातात नातवाच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी.

"बरं झालं आलात. दात मोजा जरा. मला वाकून दिसत नाही."

मागून काकू ओरडत होत्या, "अहो, आधी धुवा ते!"

"धुवा काय? पुरावा आहे तो!"

दोन खुणा स्पष्ट होत्या. तिसरीबद्दल मतभेद होता. मला ती खरचटल्याची वाटली, काका म्हणाले दातच आहे, पण तिरका लागलाय. शेवटी काकूंनी त्यांचा पाय न्हाणीघरातल्या नळाखाली धरला, साबण लावला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुतला. चावल्यावर सगळ्यात आधी करायचं ते हेच, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये ते एकट्या काकूंना ठाऊक होतं. बाकीचे हळद, चुना आणि तिखट यांवर चर्चा करत होते.

आता पट्टीचं कारण. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये 193 याचिका एकदम निकाली काढताना मोकाट जनावरांमुळे होणाऱ्या इजांसाठी भरपाईचे दर ठरवून दिले. कुत्रा चावल्यास दाताच्या प्रत्येक खुणेला किमान 10,000 रुपये. लचका तुटला असेल तर दर 0.2 सेंटिमीटर जखमेला किमान 20,000. पैसे मुख्यतः सरकारने द्यायचे. पाळीव कुत्र्याचा मामला निराळा. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम 291 लागतं: जनावर सांभाळण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरळीच्या एका इमारतीत 2018 साली लिफ्टमध्ये पाळीव कुत्रा चावला होता. मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली ती 2025 मध्ये. तोवर जखमेचा वणही राहिला नसेल.

काकांनी पंजाबच्या निकालाचं कात्रण जपून ठेवलं होतं. मी म्हटलं, "काका, हा दर पंजाब, हरियाणा आणि चंदीगडपुरता आहे. आपण पुण्यात आहोत."

"म्हणजे आपल्याकडच्या दातांना भाव नाही?"

"दात कुत्र्याचे आहेत, काका."

ते त्यांना लागलं. रिक्षात बोलले नाहीत.

दवाखान्यात केसपेपर काढताना सिस्टरनी विचारलं, "पाळीव की भटका?" काका म्हणाले, "तेच तर ठरायचंय." मागे मोठी रांग होती. सिस्टरनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी लिहून टाकलं.

काकांच्या डोक्यात अजून पोटातली चौदा इंजेक्शनं होती. ती कधीच गेली. आता लस दंडात घेतात. आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पण रक्त आलं असेल तर शिवाय जखमेतच, अगदी दात गेला तिथेच, सीरम टोचतात. हे ऐकल्यावर काका घाबरले ते दुखेल म्हणून नव्हे. "सुया टोचल्यावर दाताच्या खुणा ओळखू कशा येणार?" मग पट्टी पोटरीला लावून मी मोबाइलवर फोटो काढले. सिस्टर सुई हातात धरून थांबल्या होत्या. एवढी सहनशक्ती माझ्यात असती तर मी हे सदर लिहिलं नसतं.

पण सिस्टरचा प्रश्न बरोबर होता, आणि माझी चिडचिड तिथेच आहे. या तांबड्या कुत्र्याला परवापर्यंत तीन नावं होती. वॉचमनचा मोत्या, बी विंगमधल्या मुलांचा ब्रुनो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमचा 'बाळा'. मॅडम त्याला रोज रात्री दहीभात घालतात. गणपतीत त्याच्या गळ्यात भगवं उपरणं होतं. चावल्याच्या संध्याकाळी त्याला ओळखणारं कुणी उरलं नाही. मॅडम म्हणाल्या, "मी फक्त खायला घालते हो, माझा नाहीये तो." वॉचमन म्हणाला, आपण तर गेटच्या आत असतो. म्हणजे दहीभाताचं पुण्य तिसऱ्या मजल्यावर जमा आणि दातांचा हिशेब महापालिकेच्या नावे. महापालिका म्हणणार, नसबंदी करून, लस टोचून, जिथून उचलला तिथेच सोडायचा असा 2023 चा नियमच आहे. त्याच नियमांत असंही आहे की रहिवाशांनी आपापल्या आवारात खायला घालण्याची जागा ठरवावी. आमच्याकडे ती ठरवायला बैठक झाली होती. बी विंगने ए विंगच्या मागची जागा सुचवली, ए विंगने बी विंगसमोरची. चेअरमननी 'विषय तहकूब' लिहिलं आणि चहा सांगितला.

चेअरमनवरून आठवलं. रामायणाच्या उत्तरकांडात एक खटला आहे. अभ्यासक ते सर्ग प्रक्षिप्त मानतात, मानोत बापडे. ज्याने घातले त्याने सोसायटीत दिवस काढलेले असणार. एक कुत्रा डोकं फुटलेल्या अवस्थेत रामाच्या दाराशी येतो. सर्वार्थसिद्ध नावाच्या भिक्षेकरी ब्राह्मणाने काठी मारली, अशी त्याची तक्रार. ब्राह्मणाला बोलावतात. तो सरळ कबूल होतो: भिक्षा मिळाली नव्हती, पोटात आग होती, हा वाटेत उभा होता, 'बाजूला हो' म्हटलं तर हलेना. (मारणाऱ्याने पहिल्या तारखेलाच गुन्हा कबूल केल्याचं हे शेवटचं उदाहरण असावं.) आता शिक्षा काय? सभेतले शास्त्री म्हणतात, ब्राह्मणाला दंड करता येत नाही. तेव्हा कुत्राच म्हणतो, याला कालंजराचा कुलपती (म्हणजे तिथला चेअरमनच म्हणा) करा. झालं. ब्राह्मणाला मानाने हत्तीवर बसवून रवाना करतात. मंत्री हसू लागतात, ही शिक्षा की बक्षीस? त्यावर कुत्रा सांगतो, मागच्या जन्मी मी तिथला कुलपतीच होतो. नीट कारभार करूनही मला हा जन्म मिळाला. हा तर तापट आहे. हा सात पिढ्या घेऊन बुडेल.

आमच्या सोसायटीचे आजवरचे सगळे चेअरमन मी डोळ्यांसमोर आणून पाहिले. एकाने पाण्याच्या टाकीवरून रक्तदाबाच्या गोळ्या सुरू केल्या. एकाने राजीनामा देऊन फ्लॅटच विकला. सध्याचे लिफ्टऐवजी जिन्याने येतात, कारण लिफ्टमध्ये सभासद भेटतात. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत पद मोकळं होतंय. तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमचं नाव मी सुचवणार आहे, आणि अनुमोदक म्हणून काका मला हवे होते. म्हणून त्यांना ही गोष्ट सविस्तर सांगितली, हत्तीसकट.

काकांनी पोटरीवरची पट्टी चाचपत सगळं ऐकून घेतलं.

"त्या कुत्र्याला रोख किती मिळाले?"

"रोख काही नाही."

"मग काय उपयोग," असं म्हणून ते महापालिकेला द्यायच्या अर्जाची झेरॉक्स काढायला निघून गेले. अर्जात खुणा तीन लिहिल्या आहेत.