गोल्फ, माळ आणि टिटवी

गोल्फ म्हणजे बड्या साहेबलोकांनी हिरवळीवर काढलेली रपेट, अशी आपल्या पांढरपेशा घरांत एक पक्की समजूत आहे. क्रिकेट आपण गल्लीत आणले, बॅडमिंटन वाड्याच्या चौकात आणले. गोल्फ मात्र कुंपणापलीकडेच राहिला. येरवड्याला त्याचे मैदान आहे हे पुणेकराला ठाऊक असते, पण आत पाऊल टाकतो कोण? पुण्याचा उदयन माने २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये गोल्फ खेळून आला, तरी आमच्या आळीत कुणी पेढे वाटल्याचे ऐकिवात नाही.

अशा या खेळाच्या नादी आमचे एक स्नेही निवृत्तीनंतर लागले. पहाटे साडेपाचला गृहस्थ घराबाहेर! एवढ्या पहाटे हे दुधाच्या रांगेला कधी उठले नाहीत, ही वहिनींची तक्रार. अठरा गली पुऱ्या करायच्या म्हणजे सात-आठ किलोमीटरांची पायपीट. (गल म्हणजे गोट्यांसाठी आपण अंगणात करतो तसलीच, फक्त बरोबर सव्वाचार इंचांची.) ठरलेल्यापेक्षा एक टोला कमी लागला की 'बर्डी', दोन कमी लागले की 'ईगल', तीन कमी म्हणजे 'अल्बाट्रॉस'. प्रारंभी आमच्या स्नेह्यांना पक्षी म्हणून एवढेच ठाऊक! पण वर्षभरात माणूस पालटला. चिमूटभर गवत उडवून वारा पाहू लागला. दव पडले की चेंडू अडखळत चालतो, म्हणून कोणत्या झाडाखाली दव किती वेळ टिकते हे सांगू लागला. चाळीस वर्षे कचेरीच्या खिडकीतून ज्याने आभाळ पाहिले नाही, तो आता आभाळ वाचतो.

गेल्या वैशाखात आम्ही त्यांना शिक्रापूरला नेले. आमच्या मेहुण्यांची तिथे थोडी जमीन आहे. नगर रस्त्यावर पुण्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, वेळ नदीकाठचे हे गाव. पाणी पोचले तिथे ऊस आणि कांदा, नाही पोचले तिथे कुसळांचा माळ. हा माळ पाहताच स्नेही थबकले. म्हणाले, "अहो, हे तर गोल्फचे माहेर!"

आम्हाला थट्टा वाटली, पण ती थट्टा नव्हती. स्कॉटलंडात समुद्र आणि शेते यांच्या मधला रेताड पट्टा नांगराला निरुपयोगी. तिथे मेंढ्या चरत, आणि मेंढ्यांनी कुरतडलेल्या त्या गवतावरच हा खेळ वाढला. पाणी घालणारा फक्त वरुणराजा. लोक इतके नादावले की १४५७ साली तिथल्या पार्लमेंटने गोल्फवर बंदी घातली, कारण धनुर्विद्येचा सराव मागे पडू लागला होता. पुढे १७४४ साली एडिंबरोजवळच्या लीथला तेरा नियम लिहिले गेले. त्यांत म्हटले आहे की चेंडू घोड्याने अडवो की कुत्र्याने, तो पडला तिथूनच मारावा. आजही जे उगवले आहे ते आपल्या सोयीसाठी वाकवायचे नाही, मोडायचे नाही. जमीन जशी समोर येईल तशी पत्करायची, हा या खेळाचा मूळ करार.

आणि आपण त्याचे काय केले? जमीन सपाट केली, परदेशी गवत लावले आणि त्याला रोज पाणी पाजले. ज्या मुलखात उन्हाळ्यात बायाबापड्या टँकरची वाट पाहतात, तिथे अशी हिरवळ आमच्या तरी डोळ्यांना खुपते. सांडपाणी शुद्ध करून वापरत असतील तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे पूर्वी कोरड्या गावी 'ग्रीन'ऐवजी तेल घातलेल्या वाळूचे 'ब्राऊन' असत. त्यांवर खेळणाऱ्यांना कुणी कमी प्रतीचे खेळाडू म्हटले नाही.

स्नेह्यांना हे पटले, पण त्यांनी आमच्यावरच बाजू उलटवली. "आम्ही निदान जमिनीकडे पाहतो तरी! तुम्ही या माळाला 'पडीक' म्हणता." खरेच आहे. सातबारावर पडीक म्हणून नोंदले की जमीन मोकळी समजायची आणि गोदामाला द्यायची. सणसवाडी-रांजणगावला कारखाने आले, पोरांना कामे मिळाली. त्याला कोण नाक मुरडणार? पण चंडोल आणि तित्तिर झाडावर घरटे बांधत नाहीत. त्यांना कुसळांचा आडोसाच लागतो. माळ गेला की ती बिऱ्हाडे उठली.

बोलता बोलता स्नेह्यांनी खिशातून चेंडू काढला. (काठी होतीच, प्रवासात ती टेकायला नेतात!) झकास टोला बसला. चेंडू शंभरेक पावलांवर पडला, आणि तिथून एक टिटवी किंचाळत उठली. जाऊन पाहतो तो खड्यांत खड्यांसारखीच ठिपक्यांची चार अंडी, आणि चेंडू त्यांच्यापासून वीतभर. मेहुणे वाकून म्हणाले, "अंडी उंचवट्यावर आहेत. पाऊस बरा होणार यंदा."

अशा वेळी गोल्फचा कायदा काय सांगतो, असे आम्ही विचारले. जुन्या निर्णयग्रंथात घरट्याजवळचा चेंडू दंडाविना दुसरीकडे टाकायची मुभा होती, असे स्नेह्यांनी सांगितले. पण तो उचलायलाही ते पुढे झाले नाहीत. दीडदोनशे रुपयांचा चेंडू तसाच सोडून ते लांबचा वळसा घेऊन बांधावर आले. टिटवी अजून डोक्यावर घिरट्या घालीत होती.