जलपूजनाच्या आधी

बीड जिल्ह्यात धरण भरल्याची बातमी लग्नाच्या आवतणासारखी गावोगाव फिरते. माजलगावचा जलाशय काठोकाठ झाला की सांडव्यापाशी गर्दी होते, साडी-चोळी नि नारळ घेऊन पुढारी येतात, फोटो निघतात. टँकरमागे घागरी घेऊन धावण्यात ज्यांचे उन्हाळे गेले, त्यांच्या या आनंदाला नाव ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण त्याच गर्दीत एका कडेला उभ्या असलेल्या शाखा अभियंत्याच्या पोटात त्या दिवशी गोळा का आलेला असतो, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

मोठ्या धरणांच्या धोक्यांविषयी जगात बोललं जातं ते बहुधा डोंगराळ मुलखातल्या उदाहरणांवरून. इटलीत वायोंटच्या जलाशयात १९६३ मध्ये अख्खा डोंगरउतार कोसळला. धरण जागचं हललं नाही, पण त्यावरून उसळलेल्या लाटेने सुमारे दोन हजार माणसं नेली. आपल्याकडे कोयनेचा १९६७ चा भूकंप जलाशयामुळे झालेल्या भूकंपांचं उदाहरण म्हणून जगभर अभ्यासला जातो. ही उदाहरणं महत्त्वाचीच आहेत, पण बीडच्या धरणांचं दुखणं त्यांत सापडत नाही. इथल्या धरणाला आजारी पाडतो तो दुष्काळ.

मांजरा धरण आठवा. केज तालुक्यात धनेगावला असलेलं हे धरण आटलं, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेरीस ते भरलं. वर्तमानपत्रांसाठी ही सुखान्त गोष्ट होती. मातीच्या धरणासाठी मात्र अशी भर म्हणजे जवळजवळ पहिलीच भर, आणि पहिली भर हा धरणाच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ, हे आपण पदविकेच्या वर्गात शिकलो. जलाशय वर्षानुवर्षं तळाला असला की भरावातली ओल उतरते, काळ्या मातीला भेगा पडतात. उतारावर वेडी बाभूळ माजते, तिची मुळं दगडी अस्तर उचकटतात. घुशी आणि उंदीर बिळं करतात. दरवाजांची रबरी सीलं वाळून कडक होतात, तारदोरांवरचं ग्रीस धुळीबरोबर थिजून जातं. मग परतीच्या पावसात दोन रात्रींत येवा वाढतो आणि ज्या उंचीवर चार-पाच वर्षं पाणी टेकलं नव्हतं, तिथे ते जाऊन उभं राहतं. त्या रात्री भराव काय करतोय हे सांगणारी खूण एकच: पायथ्याच्या गटारातलं पाणी. ते किती आहे याहूनही नितळ आहे की गढूळ, हे महत्त्वाचं.

इथे घरचं दुखणं सांगितलंच पाहिजे. व्ही-नॉचच्या अशा नोंदवह्या आम्ही पाहिल्या आहेत, ज्यांत तीन-तीन महिन्यांच्या नोंदी एकाच शाईने, एकाच बैठकीत उतरवलेल्या उघड दिसतात. एका माणसावर चार धरणांचा भार टाकला की असंच होणार, हे कबूल. पण पाणी गढूळ झाल्याचं अशा वहीतून कुणाला कळणार? चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, त्याच्या आधीच गळतीची तक्रार गावकऱ्यांनी केली होती. नंतर मंत्रिमहोदयांनी खापर खेकड्यांवर फोडलं आणि महाराष्ट्र हसला. खेकडा भराव पोखरू शकतो, यात खोटं काहीच नाही. तक्रारीचा कागद मात्र खेकडा दाबून ठेवत नाही.

दुष्काळ आणखी एक फसवणूक करतो: नदी कोरडी असली की माणूस तिच्या पात्रात सरकतो. सौराष्ट्रातलं मोरबी हा कमी पावसाचाच मुलूख. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू-२ वर संकल्पित पुराच्या कितीतरी पट पाणी आलं, काही दरवाजे उघडलेच नाहीत, पाणी मातीच्या भरावावरून वाहिलं आणि शहर गेलं. लिबियातलं डेर्ना तर वर्षातला बहुतेक काळ कोरड्या असणाऱ्या ओढ्याच्या मुखाशी वसलेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये वरची दोन दुर्लक्षित धरणं एका रात्रीत फुटली, हजारो मेले. बीडकरांनी बिंदुसरेचा जुलै १९८९ चा पूर पाहिला आहे. तरीही आज त्या पात्राच्या कडेने एक फेरी मारा. 'इथे कुठं पाणी येतंय' हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल.

गेवराई, माजलगाव आणि परळीच्या गोदाकाठची गोष्ट याहून गुंतागुंतीची. सुमारे दहा किलोमीटर लांब आणि २७ दरवाजांचं जायकवाडी दुसऱ्या जिल्ह्यात, पण त्याचा विसर्ग सोसायचा बीडने. राक्षसभुवनचं शनिमंदिर आणि पंचाळेश्वरचं आत्मतीर्थ पाण्याखाली गेलं की गेवराईला पुराचा अंदाज येतो. यंत्रणेचा निरोप कधी त्याआधी पोचतो, कधी नंतर. सप्टेंबर २०२५ मध्ये हा विसर्ग तीन लाख क्युसेकच्या आसपास गेला. खाली मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते आणि त्याच सिंदफणेवर, ३१२ दलघमी उपयुक्त साठ्याचं, माजलगाव धरण आहे. गोदावरी फुगलेली असताना सिंदफणेचं पाणी आत शिरत नाही, मागे तुंबतं. दोन्ही धरणांचे दरवाजे एकाच वेळी उघडे असतील तर मंजरथच्या मागच्या गावांत पाणी किती वाजता आणि कुठवर चढेल? दोन्ही धरणं एकाच प्रकल्पाचे दोन टप्पे आहेत. हे गणित एका टेबलावर मांडलेलं असायला हवं, आणि त्याचं उत्तर गावच्या सरपंचाला तोंडपाठ असायला हवं.

धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. आधीच भरलेल्या धरणांचा आपत्कालीन कृती आराखडा पाच वर्षांत तयार करायचा आहे, म्हणजे मुदत २०२६ अखेर संपते. देशातली सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात असल्यामुळे यातलं सर्वांत मोठं ओझंही आपल्याच खात्यावर आहे. आराखडे होतील, त्याची आम्हाला शंका नाही. सल्लागार नेमले जातील, रंगीत नकाशे लागतील, जाड फाइल वर जाईल. प्रश्न एवढाच, की मध्यरात्री दोन वाजता वीज गेलेली, मोबाइलचा मनोरा बंद पडलेला आणि जनरेटर घरघरून थांबलेला असताना धरणावरच्या चौकीदाराने कुणाला, कशाने कळवायचं, हे त्या फाइलीत आहे का? आणि असलं, तर ते चौकीदाराने वाचलंय का?

या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वाचकाने आपल्या धरणावर तीन कामं करावीत: दरवाजे विजेवर आणि हातानेही पूर्ण उचलून पाहावेत, भरावावरची बाभूळ मुळासकट काढावी, आणि खालच्या पहिल्या पाच गावांत स्वतः जाऊन पाणी पोचायला किती तास लागतात ते सांगून यावं. यातलं जे जमलं नाही ते का जमलं नाही, हे आम्हाला लिहून कळवा. नाव न घालता छापू.