फळे वाटून झाल्यावर

(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

गेल्या वर्षीचा आपला वार्षिकांक ज्यांनी जपून ठेवला असेल, त्यांनी त्यातील छायाचित्रांची पाने एकदा उघडून पाहावीत. वृक्षारोपण, रक्तदान शिबिर आणि त्यांच्या खाली ‘वृद्धाश्रमास भेट व फळवाटप’. डावीकडून तिसरी, हातात केळ्यांची फणी घेऊन हसत उभी आहे ती मी. माझ्या शेजारी खुर्चीवर बसलेल्या आजी मात्र हसत नाहीत. त्या कॅमेऱ्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत आहेत. छायाचित्र निघण्याच्या क्षणभर आधी त्यांनी मला विचारले होते, “पुन्हा कधी येणार गं?” मी म्हटले, “येऊ की आजी, लवकरच.” आमची बस सुटायला पंचवीस मिनिटे उरली होती. त्यानंतर सबंध वर्षात आमच्यापैकी एकही जण तिकडे फिरकला नाही.

यंदा कँटीनमध्ये पदवीनंतर काय करायचे यावर चर्चा निघाली. कुणी बी.एड., कुणी स्पर्धा परीक्षा, कुणी नुसतेच ‘बघू’. मी म्हटले, मला वार्धक्यशास्त्र शिकायला आवडेल. क्षणभर कुणाला काही उमगले नाही आणि मग जो हशा पिकला म्हणता! “म्हणजे तू नर्स होणार?” “अगं, घरात आजोबा आहेत ते पुरत नाहीत का?” एका मैत्रिणीने अगदी मनापासून विचारले, “पण त्याला स्कोप काय?” प्राध्यापकांच्या खोलीतही याहून निराळे उत्तर मिळाले नाही. तिथे फक्त हशा नव्हता, इतकेच. (आमचे सर हे वाचून रागावणार नाहीत, अशी आशा आहे.)

या हशाला इंग्रजीत एक नाव आहे. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६९ साली ‘एजिझम’ हा शब्द वापरात आणला. कातडीच्या रंगावरून माणसाला कमी लेखणे जसे, तसेच वयावरून लेखणे. फरक इतकाच की गोरा माणूस उद्या काळा होत नाही. आपण मात्र सगळे त्याच रांगेत उभे आहोत.

मित्रहो, वार्धक्यशास्त्र म्हणजे म्हाताऱ्यांचे डॉक्टर होणे नव्हे. ते जेरिअॅट्रिक्स, ते वैद्यकातले. जेरोन्टॉलॉजी हा शब्द मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १९०३ साली घडवला आणि त्याचा पसारा कितीतरी मोठा आहे. शरीर कसे झिजते इथपासून पेन्शन, घरे, एकटेपण, आठवणी, कायदा, भाषा इथपर्यंत. यातले निम्म्याहून अधिक विषय तर कला शाखेचेच आहेत!

या विषयाचे एक मोठे घर लॉस एंजेलिस येथे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात आहे. १९७५ साली तेथे वार्धक्यशास्त्राचे स्वतंत्र विद्यालय निघाले. त्याच्यामागची हकिकत आपल्यासारख्या मास्तरांच्या गावात सांगायलाच हवी. एथेल पर्सी अँड्रस ही बाई त्याच शहरातल्या एका मोठ्या हायस्कूलची मुख्याध्यापिका. पीएच.डी. याच विद्यापीठाची. १९४४ साली त्या निवृत्त झाल्या. पुढे एकदा त्या एका निवृत्त शिक्षिकेची विचारपूस करायला गेल्या, तर ती बाई तुटपुंज्या पेन्शनीमुळे कोंबड्यांच्या खुराड्यात राहत होती, असे सांगतात. १९४७ साली अँड्रसबाईंनी निवृत्त शिक्षकांची राष्ट्रीय संघटना काढली. सरकारे आणि विमा कंपन्या म्हाताऱ्यांना दारात उभे करीत नव्हत्या. लिओनार्ड डेव्हिस या विमाव्यावसायिकाच्या साथीने त्यांनी शिक्षकांना आरोग्य विमा मिळवून दिला. १९५८ साली सर्वच निवृत्तांसाठी दुसरी संघटना काढली. १९६७ साली त्या वारल्या. वार्धक्याच्या संशोधन केंद्राला त्यांचे नाव आहे, विद्यालयाला डेव्हिस यांचे. केंद्राच्या इमारतीसाठी संघटनेच्या सभासदांनी, म्हणजे निवृत्त माणसांनीच, वर्गणी दिली. तरुण विद्यार्थी ज्या वर्गात बसतात ते वर्ग म्हाताऱ्यांनी बांधून दिले आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे आपण केळी घेऊन त्यांच्याकडे जातो.

तिथले विद्यार्थी काही संतपदाला पोहोचलेले नसतात. तेही परीक्षेला रडतात आणि तेही ‘स्कोप काय’ विचारतात. त्यांचे शुल्क ऐकले तर आमच्या घरी कुणाच्या घशाखाली चहा उतरणार नाही. पण विषय फक्त पुस्तकातून शिकता येत नाही, हे तिथे गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्ष कामाचे तास अभ्यासक्रमात मोजले जातात. विद्यालयाचे पहिले अधिष्ठाता जेम्स बिरेन यांची एक पद्धत तर मला फारच आवडली. पाचसहा माणसांचा गट करायचा आणि दर आठवड्याला एक विषय द्यायचा: आयुष्याला वळण देणारे प्रसंग, घरातली माणसे, पैसा, काम, प्रकृती, मृत्यूचा अनुभव. प्रत्येकाने त्यावर घरून दोन पाने लिहून आणायची आणि गटात वाचून दाखवायची. बस्स! याला यंत्र लागत नाही, अनुदान लागत नाही. वही लागते, आणि ऐकणारा लागतो. म्हातारा माणूस मागचे आठवतो ते चळ लागल्यामुळे नव्हे, तर आयुष्याचा हिशेब लावण्याची ती स्वाभाविक क्रिया आहे, असे बटलर यांनी १९६३ सालीच मांडले होते. आपण मात्र “आजोबा, हे तुम्ही मागेच सांगितलेत” म्हणून उठतो.

मराठीच्या तासाला आपण आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकतो. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ चा, हे टिपणवहीत लिहून घेतो. वजाबाकी करीत नाही. सहासष्ट!

आता समाजशास्त्राच्या परीक्षेचे. ‘वृद्धांच्या समस्या’ हा प्रश्न दर दोन वर्षांनी येतो आणि त्याचे उत्तर ठरलेले आहे: औद्योगिकीकरण, शहरीकरण, संयुक्त कुटुंबाचा ऱ्हास, म्हणून वृद्धाश्रम. दहापैकी सात गुण. मीही असेच लिहीत आले. मग देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या मोठ्या पाहणीचा अहवाल वाचनात आला. पंचेचाळिशी गाठलेल्या बहात्तर हजारांहून अधिक माणसांची ही पाहणी. हार्वर्ड आणि वर सांगितलेले लॉस एंजेलिसचे विद्यापीठ तिच्यात सहभागी आहेत. म्हणजे अँड्रसबाईंच्या विद्यापीठाचा हात आपल्या देवनारपर्यंत पोहोचलेला आहे! या पाहणीत साठीच्या पुढचे, एकटे राहणारे निघाले शंभरात सुमारे सहा. बाकीचे जोडीदाराबरोबर, मुलासुनांबरोबर, नातवंडांबरोबर. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले दहा कोटींच्या वर होते. ही माणसे आश्रमात नाहीत, आपल्या घरातल्या मधल्या खोलीत आहेत. आणि आपण त्यांचा अभ्यास करायला बस करून दुसऱ्या गावाला जातो.

इथे एक गोष्ट लिहू की नको, असा विचार दोन दिवस केला. लिहितेच. आमच्या वर्गातल्या एका मुलीची आजी पक्षाघाताने अंथरुणाला खिळली. आई शेतावर, भाऊ पुण्याला. आजीला भरवणे, कूस बदलणे, न्हाऊमाखू घालणे हे सारे तिच्याकडे आले. सत्राअखेरीस हजेरी कमी भरली म्हणून तिचा अर्ज अडला आणि तिचे सत्र वाया गेले. त्याच सत्रात फळवाटपाला गेलेल्या आम्हा बत्तीस जणांना मात्र ‘समाजकार्याची’ हजेरी मिळाली. नियम नियमाप्रमाणेच चालले, कुणी दुष्टपणा केला असे नाही. तरी विचारावेसे वाटते, त्या सत्रात वार्धक्याबद्दल आमच्यापैकी कुणी अधिक शिकले?

म्हणून नवा विभाग उघडा, इमारत बांधा, असे माझे मागणे नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते. त्यातले तीस तास एकाच वृद्ध व्यक्तीला द्यावेत. तीस जणांना एकेक तास देऊ नयेत. ती व्यक्ती स्वतःच्या घरातली असली तरी चालावी, आणि घरात शुश्रूषा करणाऱ्या मुलामुलींचे तासही मोजावेत. जे लिहिले जाईल ते मराठी विभागाने तपासावे, समाजशास्त्राने प्रकल्प म्हणून स्वीकारावे. देवनारच्या पाहणीची माहिती विद्यार्थ्यांनाही अर्ज करून मिळते. ग्रंथालयातला संगणक त्यासाठी आठवड्यातून एक तास मोकळा ठेवता येईल. शिवाय रोज सकाळी वर्तमानपत्रे वाचायला येणारे ते चार निवृत्त शिक्षक आहेतच, ज्यांना ‘हळू बोला’ ही पाटी आपण अधूनमधून दाखवतो.

म्हातारी माणसे सारी गोड असतात, असे कुणी समजू नये. माझे आजोबा नाहीत. ते हट्टी आहेत, रेडिओ मोठा लावतात, आणि मुलींनी फार शिकू नये असे त्यांचे अजूनही मत आहे. त्यांच्या तीस तासांतले दहा तरी भांडणात जातील. जावोत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी एकटीच त्या आश्रमात गेले. हातात फळे नव्हती. आजींनी मला ओळखले नाही. “आज केळी नाही आणलीत?” असेही विचारले. मी वही काढली आणि ‘काम’ हा विषय सांगितला. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग कळले की त्या कऱ्हाडला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, ट्रंक कॉल जोडायला. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप. नोकरीचे पहिलेच वर्ष, वय एकोणीस. उजाडायच्या आत घरून बोलावणे आले. सगळे गाव रस्त्यावर घोंगड्या पांघरून बसले होते, त्यातून वाट काढीत त्या गेल्या. मुंबईहून, पुण्याहून सारखे फोन. सगळ्यांना हवे कोयनानगर, आणि सगळ्यांना एकच उत्तर, लाइन नाही. संध्याकाळपर्यंत ते दोन शब्द किती वेळा उच्चारले याची गणती नाही, असे त्या म्हणाल्या. एक माणूस दर अर्ध्या तासाने फोन करीत होता. त्याचा आवाज अजून ओळखीन, म्हणाल्या.

मी लिहिलेले त्यांनी वाचून घेतले. दोन ठिकाणी चुका काढल्या. एके ठिकाणी मी ‘ऑपरेटर’ लिहिले होते, तिथे ‘टेलिफोन ऑपरेटर, कायम’ असे करायला लावले. निघताना विचारले, “पुढच्या खेपेला विषय कोणता?”

“पैसा,” मी सांगितले.

“मग दोन पानांत नाही मावायचा,” त्या म्हणाल्या. “मोठी वही आण.”